छत्रीच्या घरांतली उत्तरं

बालीगंजच्या आमच्या घरात आलेली बाई हळदकुंकू न घेता परत गेली, असं माझ्या आईच्या हयातीत कधी झालं नाही. वडिलांची नोकरी केंद्र सरकारची. नागपूरहून बदली होऊन आम्ही कलकत्त्याला आलो तेव्हा मी सात वर्षांची होते, आणि दोन वर्षांसाठी म्हणून मांडलेलं बिऱ्हाड पुढे तिथेच मुरलं. आईला बंगाली जेमतेम येई, इंग्रजी मुळीच नाही. त्यामुळे जे बोलता येत नसे ते ती समोरच्या बाईच्या कपाळाला लावून मोकळी व्हायची. शेजारच्या बंगाली काकू, वरच्या मजल्यावरच्या पंजाबी बाई, भाजीवाली, तिच्या हातून कोणीही सुटलं नाही.

माझ्या शाळेतल्या अँग्लो-इंडियन बाई एकदा तक्रार घेऊन घरी आल्या. मी गणिताच्या तासाला बडबड करते, अशी तक्रार होती. आईने सगळं मान डोलावत ऐकून घेतलं, शिरा पुढे केला आणि त्या निघाल्या तेव्हा कपाळाला हळद लावली, मग कुंकू लावलं. बाई आरशात न बघताच जिना उतरून गेल्या. त्यानंतर वर्षभर त्यांनी माझी एकही तक्रार केली नाही. माझी बडबड मात्र रतीभरही कमी झाली नव्हती. ही गोष्ट मी मैत्रिणींना हसवायला सांगत असे. तिच्यात काय दडलंय ते कळायला मला चांगली पंधरा वर्षं लागली, आणि तेही पदवी घेऊन.

पदवी संख्याशास्त्राची. साठचं दशक संपून सत्तरचं सुरू झालं होतं, शहरात रोज कुठे ना कुठे संप नाहीतर बंद, आणि नोकऱ्यांचा दुष्काळ. त्यात मला एका पाहणीच्या कामावर घेतलं. घरी सांगितलं, आरोग्याची पाहणी आहे, बायकांना प्रश्न विचारायचे आहेत. यात खोटं काहीच नव्हतं. कोणत्या बायकांना, ते मी सांगितलं नाही आणि वडिलांनी विचारलं नाही. ज्याचं उत्तर फाइलीत लिहावं लागेल असा प्रश्न सरकारी माणूस सहसा विचारत नाही.

गल्ली उत्तर कलकत्त्यात होती, गंगेच्या घाटापासून दहा मिनिटांच्या अंतरावर. तिथल्या बायका कोणता धंदा करत, ते लपवून बोलण्यात अर्थ नाही. शरीराचा धंदा करत. गल्लीच्या तोंडाशी एक दवाखाना होता आणि तिथे गुप्तरोगांवर इंजेक्शनं मिळत. पण बायका दोन सुया घेत आणि बरं वाटलं की तिसरीला येत नसत. दवाखान्याचे डॉक्टर पन्नाशीचे, बोलायला मऊ, चहा थंड करून पिणारे. आम्ही त्यांना सर म्हणायचो. त्यांच्या डोक्यात एक कल्पना आली होती. आपण सांगितलेलं या बायकांना पटत नाही, मग त्यांच्यातल्याच एखादीने सांगितलं तर?

नुसतं वाटून उपयोग नाही, हे सरांना कळत होतं. म्हणून त्यांनी बारा घरं निवडली, बारा चिठ्ठ्या केल्या, चहाच्या मातीच्या भांड्यात घातल्या आणि सगळ्या मालकिणींसमोर त्यातल्या सहा उचलल्या. त्या सहा घरांना त्याच गल्लीतल्या सहा बायका नेमून दिल्या. त्यांनी आपल्या मैत्रिणींना समजवायचं, दवाखान्यात आणायचं, गिऱ्हाइकाला निरोध वापरायला लावायचं. उरलेल्या सहा घरांना पूर्वीसारखंच, म्हणजे भिंतीवरचं पोस्टर आणि दवाखाना. वर्षभराने दोन्हीकडे बघायचं, फरक पडला का. नेमलेल्या प्रत्येकीला एक पिशवी आणि एक काळी छत्री दिली होती. म्हणून गल्लीत त्यांचं नाव पडलं छातावाली, आणि त्यांची घरं ती छत्रीची घरं.

या सहा जणींत जी सगळ्यांत मोठी होती, तिची ही गोष्ट आहे. मी तिला दिदी म्हणायचे आणि ती मला दिदिमणी, शाळेतल्या बाईंना म्हणतात तसं. वय चाळिशीचं, दात पानाने रंगलेले, आवाज घोगरा. अक्षरओळख नव्हती. तिचं काम बघायला मी पहिल्यांदा गेले ती दुपारची वेळ होती. गच्चीवर बायका केस वाळवत बसल्या होत्या. दिदी एकीच्या मागे बसून तिच्या केसांतल्या उवा काढत होती आणि काढता काढता बोलत होती. लघवीला जळजळ होते का, किती दिवस झाले, मग लपवतेस कशाला. जिच्या केसांत हात होता तिला मान वळवता येत नव्हती, त्यामुळे लाजायला तोंडच समोर नव्हतं. असं एकेकीचं डोकं हातात घेऊन तिने महिन्याभरात अख्खं घर समजावलं. सरांनी तिला पोस्टरं दिली होती. ती तिने जिन्याच्या फुटक्या खिडकीला लावली, वारा येऊ नये म्हणून.

मी थक्क व्हायचे. कॉलेजात मला चार वर्षं मोठमोठ्या विद्वानांनी शिकवलं होतं, पण शिकवणं इतकं सोपं करून टाकणारं माणूस मी पाहिलं नव्हतं.

दिदीने या कामावर सगळं लावलं होतं. पगार सुरू झाल्यावर तिने धंदा सोडला, घरातली खोली सोडली आणि नदीपलीकडे हावड्याला एका कामगार वस्तीत खोली घेतली. रोज सकाळी बोटीने यायची, संध्याकाळी बोटीने जायची. तिकडच्या शेजारणींना एवढंच माहीत होतं की या बाई आरोग्य खात्यात आहेत. सरांनी छातावाल्यांना सांगून ठेवलं होतं की वर्षाचे आकडे चांगले आले तर वरचे लोक ही योजना पक्की करतील. नाही आले तर बंद. बंद झाली तर हावड्याची खोली गेली, आणि चाळिशी उलटलेल्या त्या बाईला परत जायला एकच जागा होती. हे ती स्वतः कधी बोलली नाही, पण आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं.

प्रश्न विचारायला आम्ही दोघी होतो. एक मी आणि दुसऱ्या निवृत्त नर्स, ज्यांना सगळे माशीमा, म्हणजे मावशी, म्हणत. पांढरं पातळ, पांढरे केस, चेहऱ्यावर कायम थर्मामीटर बघत असल्याचा भाव. पहिल्या वेळी, छत्र्या वाटायच्या आधी, आम्ही दोघींनी मिळून बाराही घरं केली. पुढे दर महिन्याला जायचं होतं, तेव्हा वाटणी झाली. छत्रीच्या सहापैकी चार घरांचे जिने उभे होते आणि माशीमांचे गुडघे दुखायचे. म्हणून छत्रीची सगळी घरं मी घेतली आणि उरलेली त्यांनी. सरांनी मान हलवली. चिठ्ठ्या काढताना एवढी काळजी घेणाऱ्या माणसाला यात काही वावगं दिसलं नाही आणि मला तर त्याहून नाही. तो निर्णय गुडघ्यांनी घेतला.

कुंकवाचं कसं झालं तेही सांगते. कलकत्त्याच्या घामाने माझं कुंकू दुपारपर्यंत ओघळायचं, म्हणून आई माझ्या पर्समध्ये एक छोटी डबी ठेवायची. एक दिवस प्रश्न संपवून मी डबी काढली आणि कपाळ नीट केलं. समोरची मुलगी माझ्याच वयाची असेल. मी नुकतंच तिला जे विचारलं होतं, ते मला माझ्या सख्ख्या बहिणीलाही विचारता आलं नसतं. ती उठायला लागली आणि माझं बोट आपोआप तिच्या कपाळाकडे गेलं. घरी आलेली बाई निघाली की हात जातो तसं. आम्ही तिच्या घरी होतो, ती माझ्या नव्हे, हेसुद्धा मला सुचलं नाही.

ती मुलगी जिथल्या तिथे उभी राहिली. बंगाल्यांत कपाळी सिंदूर म्हणजे घरच्या लग्नाच्या बाईचा मान, आणि तो या गल्लीत कोणी हाताने आणून दिला नव्हता. मला हे कळलं तोवर दारात आणखी चौघी येऊन उभ्या होत्या. मी त्यांनाही लावलं. पुढच्या महिन्यात सहाही घरांत बायका तोंड धुऊन माझी वाट बघत होत्या. दिदीने एकदा ते पाहिलं. नुसती पान चघळत जिना उतरून गेली.

माझे कागद दर महिन्याला सुंदर होत गेले. निरोधाशिवाय गिऱ्हाईक घेता का? नाही. इंजेक्शनं पूर्ण घेतलीत? हो. दिदी सांगते ते पटतं? पटतं. तिकडे माशीमांच्या घरांतून येणारी उत्तरं जुनीच, रडकी. हँडल फिरवून चालणाऱ्या गणिताच्या यंत्रावर मी बेरजा केल्या आणि दोन्हींतला फरक बघून सर खुर्चीवरून उठले. वर्ष पूर्ण व्हायच्या आतच त्यांनी अहवालाचा मसुदा लिहायला घेतला. दिदीला त्यांनी बोलावून सांगितलं की काळजी करू नकोस. ती पहिल्यांदाच खुर्चीवर बसली, तीही अर्धी.

मग रक्ताचे निकाल आले. रक्त सुरुवातीला घेतलं होतं आणि वर्षाच्या शेवटी पुन्हा. प्रयोगशाळा दुसरीकडे होती, बाटलीवर नुसते नंबर, कोणती बाटली कोणत्या घरची हे तिथल्या माणसांना माहीत नव्हतं. आणि रक्त म्हणत होतं की छत्रीच्या घरांत आजार कमी झालाय, पण अगदी थोडा. माझे कागद खरे असते तर तो कितीतरी जास्त कमी व्हायला हवा होता. सर म्हणाले, बाटल्यांची अदलाबदल झाली असेल. मी नंबर तीनदा ताडून पाहिले. अदलाबदल नव्हती. बायका खोटं बोलत होत्या, पण मग माशीमांच्या घरांतल्या बायका खोटं का बोलत नव्हत्या?

दोन दिवस मी अर्ध्या जेवणावरून उठत होते. तिसऱ्या दिवशी आईने ताट बाजूला सरकवलं आणि विचारलं, "काय केलंयस?"

मी सगळं सांगितलं. गल्ली कोणती, बायका कोणत्या, आणि तिच्या डबीतलं कुंकू मी कोणाकोणाला लावलं ते. आई सोवळ्याओवळ्याची होती आणि ते कुंकू देवीपुढचं होतं. ती निरांजनाच्या वाती वळत राहिली.

"हळद लावलीस का आधी?" तिने विचारलं.

"नाही. नुसतं कुंकू."

"हळद आधी लावतात. एवढंही शिकवलं नाही म्हणतील मला." मग वात बाजूला ठेवून ती म्हणाली, "आणि तू त्यांना कुंकू लावून विचारत होतीस, की तुमच्याकडे सगळं ठीक आहे ना?"

"हो."

"अगं, मग त्या काय सांगणार? कुंकू लावून घेतलेली बाई यजमानिणीला कधी सांगते का, की तुमचा शिरा खाली लागला होता?"

मी आईकडे बघतच राहिले. चौथी शिकलेली बाई. संख्याशास्त्रात ज्याला पक्षपात म्हणतात त्यावर मी परीक्षेत आठ पानं लिहून आले होते आणि प्रथम श्रेणीत पास झाले होते. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दाखवायला मी शिकले होते, माझ्या हातातलं मुसळ मला आईने दाखवलं. मला त्या क्षणी जरासाही राग आला नाही. नुसतं आश्चर्य वाटलं, आणि तिच्या पाया पडावंसं वाटलं. पडले नाही, कारण ती लगेच म्हणाली की आता भात निवलाय.

दुसऱ्या दिवशी मी दिदीला घाटावर गाठलं. ती बोटीतून उतरत होती. आम्ही पायरीवर बसलो आणि मी तिला रक्ताचं आणि कुंकवाचं सांगितलं. ती बंगालीत बोलायची, मी मराठीत लिहिते आहे.

"मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं," ती म्हणाली. "तुम्ही टिळा लावलात, त्या रात्रीच्या गिऱ्हाइकाला कोणी निरोध दिला नव्हता. पुढच्या महिन्यात तुम्हाला मात्र सांगितलं, दिला."

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"माझी खोली हावड्याला आहे, दिदिमणी."

आम्ही दोघी पाण्याकडे बघत बसलो. एक बोट भरून गेली, दुसरी आली. मी मनाशी ठरवून आले होते की हे सरांना सांगायचं. पण ते ठरवणं बालीगंजला बसून सोपं होतं. इथे जिचं सगळं जाणार होतं ती शेजारी बसून पान लावत होती. मी म्हणाले, की रक्ताचं सरांनी बाटल्यांवर ढकललंच आहे. मी गप्प बसले तर कोणाला कळणार नाही. हे मी खरंच म्हणाले, आणि आजही मला त्याची लाज वाटत नाही.

दिदीने पान गालात धरलं. "तुमच्या कागदात सगळ्या बऱ्या झाल्या," ती म्हणाली, "तर उद्या औषध कोणासाठी आणतील? वरचे बाबू म्हणतील, छत्री पुरे, सुया कशाला. आणि जी खरंच आजारी आहे ती दवाखान्यात गेली तर तिला सांगतील, कागदावर तू बरी आहेस."

मला हे सुचलं नव्हतं. सरांनाही सुचलं नव्हतं. चांगली बातमी खोटी असली तर ती कोणाच्या अंगावर पडते, याचा हिशेब त्या पायरीवर फक्त तिला येत होता.

मग तिने पुन्हा विचारायचं कसं ते मला सांगायला सुरुवात केली. तुम्ही विचारायचं नाही, म्हातारीला विचारू द्या, तिला खूश करावंसं कोणाला वाटत नाही. मी म्हटलं, बरं, माशीमा छत्रीच्या घरांत जातील. ती म्हणाली, घरांत नको. दारावर माझी छत्री लटकते. म्हातारीला कळेल हे कोणतं घर, आणि तिचं तोंड बदलेल. तिला वाटतंच की आम्ही छातावाल्या फुकट खातो. मग ती आमच्या बायकांना खोदून विचारेल आणि बाकीच्यांना नाही. बाराही घरांच्या बायका दवाखान्याच्या ओसरीवर बोलवा. सरमिसळ करून. कोण कुठली ते म्हातारीला सांगू नका.

"आणि मी त्या दिवशी या किनाऱ्याला येणार नाही," ती म्हणाली. "मी दिसले तर त्या माझ्याकडे बघून उत्तर देतील. मी त्यांच्या उवा काढल्यात."

मग ती म्हणाली, की आणखी एक आहे. वर्षात ज्या घर सोडून गेल्या त्यांना तुम्ही खोडून टाकलंत. पण ज्या आजारी पडतात त्यांनाच मालकीण आधी बाहेर काढते. त्यातल्या काही बराकपूरला आहेत, छावणीच्या बाजूला. मी पत्ता सांगते. त्यांना मोजलं नाही तर उरलेल्या सगळ्या बऱ्या झालेल्या दिसणार.

त्यानंतर वीसेक वर्षांनी एचआयव्हीचा काळ आला. आपल्यातल्याच माणसाने आपल्याला समजवायचं, ही पद्धत तेव्हा सगळीकडे सुरू झाली, तिच्या चाचण्याही झाल्या आणि मी कामानिमित्त चर्चासत्रांना जाऊन बसू लागले. तरुण मुलं पडद्यावर बाणांच्या आकृत्या दाखवून सांगायची. विचारणारा दोन्ही गटांना एकच असावा. त्याला कोण कोणत्या गटातलं ते माहीत नसावं. समजवणारा माणूस विचारताना समोर नसावा. गळून गेलेल्यांचा माग काढावा. मी मागच्या रांगेत बसून ऐकायचे. सगळं बरोबर होतं, आणि सगळं मी आधी एकदा, त्याच क्रमाने, घाटाच्या पायरीवर ऐकलेलं होतं. जिचं त्यात नुकसान होतं तिच्याच तोंडून.

सरांना मी सांगितलं तेव्हा ते चहा पीत होते. कुंकवाचं ऐकून आधी हसले. मग त्यांनी कप ठेवला. मसुदा टेबलावरच होता. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं आपण म्हणतो, आणि ती मूठ उघडायची की नाही हे त्या दहा मिनिटांत त्यांच्या चेहऱ्यावर मला दिसत होतं. ते माझ्यावर ओरडले. संख्याशास्त्र शिकलेल्या मुलीने असा पोरकटपणा करावा, म्हणाले. मी ऐकून घेतलं, कारण ते खरं होतं. मग त्यांनी विचारलं, ओसरीचं कोणाला सुचलं? मी सांगितलं. त्यांनी मसुदा घेतला, मधोमध फाडला आणि पाठकोऱ्या पानांवर नव्याने प्रश्न लिहायला बसले.

आठवडाभर ओसरीवर बायका येत होत्या. एका सतरंजीवर माशीमा, चष्मा नाकावर, समोर एकेक जण. मी आत खोलीत कार्डं लावत होते आणि बाहेर जायची मला बंदी होती. पडद्यामागून आवाज येत. निरोधाशिवाय घेता? घेते. किती वेळा? तो जास्त देतो म्हणाला की घेते. ज्या मुलीच्या कपाळाला मी पहिल्यांदा कुंकू लावलं होतं तिचा आवाज मी ओळखला. माझ्याशी ती वर्षभर गोड बोलली होती. माशीमांना ती कोरड्या आवाजात खरं सांगत होती, आणि ते ऐकताना मला रडू आलं. तिने मला फसवलं याचं ते रडू नव्हतं. ती मला एवढं वर्षभर जपत होती, याचं होतं.

बराकपूरला मी आणि माशीमा सियालदाहून लोकलने गेलो. दिदीने सांगितलेल्या खुणेवर त्या बायका सापडल्या. बहुतेक आजारी होत्या, आणि त्या छत्रीच्याही घरांतल्या होत्या आणि दुसऱ्याही. माशीमांनी त्यांना प्रश्न विचारले आणि मग न विचारता आपल्या पिशवीतून औषधं काढून दिली. परतताना त्या खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, छातावाली फुकट खात नव्हती.

नव्या बेरजा मी केल्या तेव्हा आधीचा फरक बहुतेक विरघळून गेला. जे उरलं ते लहान होतं, पण उत्तरं, रक्त आणि दवाखान्याची नोंदवही या तिन्ही बाजूंनी ते एकच निघत होतं. छत्रीच्या घरांतल्या बायका इंजेक्शनं पूर्ण करत होत्या. गिऱ्हाइकापुढे त्यांचं फारसं चालत नव्हतं, पण सुई त्या सोडत नव्हत्या. सरांनी ते तसंच लिहून वर पाठवलं.

उत्तर यायला तीन महिने लागले. वरच्यांनी लिहिलं होतं की आजार अजून आहे हे स्पष्ट दिसत असल्यामुळे दवाखान्याची औषधं चालू ठेवावीत, उलट वाढवावीत. समजवणाऱ्या बायकांचा परिणाम फार थोडा दिसतो, सबब ती पदं महिनाअखेर बंद.

सर दिदीला सांगायला धजेनात. ते काम माझ्यावर आलं. दुपारची वेळ होती, ओसरीवर आम्ही दोघीच होतो. मी पत्र बंगालीत करून सांगितलं. औषधाचं आधी सांगितलं, मग बाकीचं. दिदीने पदराने तोंड पुसलं.

"थोडा म्हणजे किती?" तिने विचारलं.

मी तिला समजावायचा प्रयत्न केला. म्हटलं, तुम्ही नसता तर जितक्या आजारी राहिल्या असत्या, त्यातल्या इतक्या कमी राहिल्या. टक्केवारीत सांगून तिला कळेना, म्हणून बायकांत सांगितलं. तो आकडा दोन हातांच्या बोटांत मावत होता.

"त्या कोण?"

"ते कळत नाही, दिदी. आकड्यावरून एवढंच कळतं की तितक्या जणी वाचल्या. नेमक्या कोण, ते कोणालाच सांगता येत नाही."

तिने माझ्याकडे पाहिलं, जरा कीव केल्यासारखं. मग अंगठा बोटाच्या पेरावर टेकवून ती मोजायला लागली. तिसऱ्या मजल्यावरची, जिला सुईची भीती होती, तिला मी धरून बसायचे. जिन्याखालची, ती पोटुशी होती, तिचं पोर चांगलं जन्मलं. ती बिहारची, तिसऱ्या सुईला पळाली होती, मी घाटावरून परत आणली. एकेक पेर पुढे सरकत होतं आणि एकेक बाई येत होती, कोणाच्या केसांत काय होतं तेसुद्धा तिला आठवत होतं. शास्त्र सांगतं की हे तिला माहीत असणं शक्यच नाही. मी शास्त्र शिकले होते आणि मी तोंड उघडलं नाही. मोजणी संपली तेव्हा अंगठा जिथे थांबला, तिथे माझा आकडा होता. हा कावळा बसायला आणि फांदी मोडायला एक गाठ पडल्याचा प्रकार असेल. मला ते अजून ठरवता आलेलं नाही.

"बऱ्याच झाल्या की," ती म्हणाली.

मला तिच्यासाठी काहीतरी करायचं होतं. वडिलांच्या कचेरीत शब्द टाकते, म्हटलं, कुठे तरी आयाचं काम मिळेल. तिने ऐकून घेतलं आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवला. माझ्या आयुष्यात मला खूप शिकलेली, खूप मानाची माणसं भेटली, पण हिच्याएवढं मोठं माणूस भेटलं नाही, आणि हे मला तेव्हाच, त्या ओसरीवर बसल्या बसल्या कळत होतं. त्यासाठी पुढची वर्षं जावी लागली नाहीत.

महिनाअखेरीला तिने हावड्याची खोली सोडली. त्या संध्याकाळी मी घरी निघाले होते. दवाखान्याच्या दारातून ती बाहेर पडली, काखेत वळकटी होती. घाटाचा रस्ता डावीकडे जातो. ती उजवीकडे वळून गल्लीत गेली.